जेवायला बोलावणारा दगड

लोकांच्या घरी माणसं जेवायला बोलावतात. माझ्या वडिलांना दगड बोलवायचा.

यात चमत्कार काही नव्हता, सोय होती. आमचं वावर अल्लीपूरच्या शिवाराच्या टोकाला, लांबट आणि मधे उंचवटा असलेलं. अलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून कितीही घसा फोडला तरी पलीकडच्या उतारावर बैलांमागे डवरणीत गुंतलेल्या माणसाला ऐकू जायचं नाही. आणि या अलीकडच्या धुऱ्यावर, बोरीच्या झाडाखाली, तो दगड होता. काळा, दोन हात लांब, हातभर रुंद, वीतभर जाड. दोन टोकांकडे दोन लहान दगडांवर टेकलेला आणि मधलं पोट अधांतरी. त्या पोटाखालच्या फटीत मी चपला सारून ठेवायची आणि माय ओरडायची, “विंचू बसन त्यात, मंग रडजो.” दगडावर मुठीएवढा एक गुळगुळीत गोटा असायचा. तो उचलून दगडाच्या मध्यावर मारला की असा आवाज निघायचा, की नवखा माणूस हमखास खाली वाकून बघायचा, आत कोणी घंटा टांगली आहे का.

आमच्या शाळेत स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. मी हिंगणघाटला गेली वीस-बावीस वर्षं भूगोल शिकवते. ‘खडक व खडकांचे प्रकार’ हा धडा मला झोपेतही म्हणता येईल. वर्गात एक लाकडी पेटी आहे, तिच्या खणांत बेसाल्ट आहे, जांभा आहे, वाळूचा खडक आहे, संगमरवराचा एक तुकडा आहे. गिरडच्या टेकडीवर मिळतात ते सुपारीसारखे गोल दगडही आहेत, ते मुलं अजून खिशात घालून पळवतात. मी खडूने फळ्यावर लिहिते, लाव्हा थंड झाला, थरावर थर बसले, आपला सगळा मुलूख त्यावर उभा आहे. पण दगड वाजतो, असं त्या धड्यात कुठे लिहिलेलं नाही. आणि आपल्या भाषेनेही दगडाला कधी बरं म्हटलं नाही. पदरी धोंडा पडतो, डोक्यात दगड भरलेले असतात, दगडापेक्षा वीट मऊ असते. माझं या बाबतीत भाषेशी जरा वाकडंच आहे.

माय दोन ठोके मारायची. फक्त दोन, मधे एका श्वासाएवढी जागा सोडून. मी एकदा विचारलं, तिसरा काऊन नाई मारत, तर म्हणाली, “बहिरे आहेत का ते?” दोन ठोके ऐकू आले की बाबा हातातलं तास, म्हणजे ती ओळ, पुरं करायचे, बैल सोडायचे, डोणीतल्या पाण्याने हात-तोंड धुवायचे, ओल्या हाताने केस बसवायचे आणि मग सावकाश यायचे. बायकोसमोर जेवायला बसताना केस बसवणारा शेतकरी मी दुसरा पाहिला नाही. मायला ते कळत होतं. भाकर वाढताना ती मान खाली घालून हसायची.

माय कधी दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेलेली असली तर भाकर घेऊन मला जावं लागे. मी आठ-नऊ वर्षांची, भुकेली आणि उतावळी. मी दोनावर कशाची थांबते! पाच, सहा, सात, हात दुखेपर्यंत मारायची. बाबा तिकडूनच हसत यायचे. “पोट्टी आली वाटते,” म्हणायचे, “साऱ्या शिवाराले जेवाले बलावते.” आणि बसल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, “तुही माय काऊन नाई आली?” माझंही उत्तर ठरलेलं. “येऊन राह्यली मांगून.” आणि ती यायचीच, ऊन कलल्यावर, पदराने तोंड पुसत.

ज्वारीची भाकर, बेसन, ठेचा, कांदा. बाबा भाकर हातात घेतली की आधी मधून मोडायचे आणि अर्धी फडक्यात गुंडाळून दगडावर ठेवायचे. ती मायची. याला कारण होतं. माय रोज म्हणायची, “मी घरूनच खाऊन आली,” आणि ते रोज खोटं असायचं. वाद कोण घालणार? म्हणून बाबांनी ही रीत पाडली. आधी तिचा वाटा वेगळा, मग स्वतःचा घास. उन्हाने तापलेल्या त्या दगडावर फडक्यातली भाकर संध्याकाळपर्यंत ऊन राहायची. माय त्यातला एक तुकडा मला द्यायची, ती चव मला अजून कुठे सापडलेली नाही, आणि मी शोधलेली आहे.

बाबांचा गळा चांगला होता. जयंतीला गावात गाणी व्हायची तेव्हा पहिली ओळ त्यांनीच उचलायची, आणि ते ती दगडाच्या सुरात उचलायचे. वर्षानुवर्षं तोच आवाज कानात बसलेला. आमच्या गावचा पेटीवाला वैतागायचा. एकदा तर तो चिडून पेटीच घेऊन वावरात आला. बोरीखाली बसला, भाता मारला, आणि माय दगड ठोकतेय आणि तो पट्ट्या शोधतोय असं तासभर चाललं. शेवटी म्हणाला, “काळी चारच्या वर अन् पांढरी सहाच्या खाली कुठंतरी हाय हा.” बाबांना कोण आनंद! महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, “आपला दगड पेटीत बसत नाई.”

एका गोष्टीत मात्र ते फार कडक होते. त्या दगडाला कोणी कुंकवाचं बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. माझ्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते, आणि टोपलं होतं बारा-तेरा वर्षांच्या बाबांच्या डोक्यावर. ते ओझं त्यांच्या मानेने जन्मभर लक्षात ठेवलं. शेजारच्या वावरातल्या काकू एकदा चांगल्या मनाने दगडापुढे उदबत्ती लावून गेल्या, की वाजतो म्हणजे त्यात काही तरी आहे. बाबांनी उदबत्ती विझवली, आणि काकूंना घरी बोलावून चहा पाजून सांगितलं, “काकू, थो देव नोहे. थो आमच्या जेवनाचा भोंगा होय.” काकू रागावल्या नाहीत. पुढे त्याच आम्हाला विचारायच्या, आज भोंगा उशिरा काऊन वाजला म्हणून.

माझ्या लहानपणीच एकदा नागपूरहून दोन साहेब आले होते. आमच्या वावरापलीकडे पडीक जमिनीत मोठ्या दगडांचं एक वर्तुळ आहे, ते बघायला. त्यांनी सांगितलं, ही हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनं आहेत, आपल्या भागात अशी बरीच सापडतात. जाताना आमच्याकडे पाणी प्यायले. मायने त्यांना दोन ठोके वाजवून दाखवले. त्यातला वयस्क साहेब दगडाभोवती फिरला, वाकला, खालच्या दोन दगडांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हा आपोआप असा बसलेला दिसत नाही. बाबांनी सांगितलं, माझ्या बापाने वावर कसायला घेतलं तेव्हापासून असाच आहे. साहेब गेल्यावर माय त्या वर्तुळाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, “त्याईचीही भाकर येत असन का वं इथं?” तेव्हा मला हसू आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी माय गेली. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच वावरात गेले होते. दगड वाजवायचं धैर्य झालं नाही. तो गोटा तेवढा पर्समध्ये टाकून हिंगणघाटला आणला. तेव्हापासून तो माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर असतो, पंख्याने उडू नयेत म्हणून. घरी येणाऱ्या सहकाऱ्यांना वाटतं भूगोलाच्या बाई आहेत, असेल काही नमुना.

माय गेल्यावर बाबा हळूहळू विसरायला लागले. आधी नावं, मग दिवस, मग घर. घरी असले की वावरात जायचे आणि वावरात गेले की बसून राहायचे, कोणी नेईपर्यंत. धाकटा भाऊ शेती बघतो, भावजयही दिवसभर वावरात. घरी लक्ष द्यायला कोणी नाही. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांना माझ्याकडे आणलं. आमच्या घरामागे लहानसं अंगण आहे, पेरूचं झाड आहे, बाज टाकता येते. मला वाटलं, चांगलं रमतील.

रमले नाहीत, असं म्हणणार नाही. पण जेवेनात. ताट समोर ठेवलं की ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि अगदी समजूतदारपणे सांगायचे, “दगड नाई वाजला अजून.”

आधी मी हसण्यावारी नेलं. मग समजावलं. मग, खोटं कशाला बोलू, ओरडलेसुद्धा. चार घास भरवले तर घ्यायचे, पाचव्याला तोंड मिटायचे. गालफडं बसली, मनगटाचं हाड वर आलं. डॉक्टर म्हणाले, औषध ठीक आहे, पण अन्न पोटात गेलं पाहिजे, नाही तर हा माणूस हातचा जाईल. मी थाळी वाजवली, तांब्या वाजवला, आमच्या ह्यांनी शाळेतल्या घंटेसारखा पितळी तुकडा कुठून तरी आणून दोरीला टांगला. बाबा कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, “हे भांडं होय.” सगळं विसरलेला माणूस, पण काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधली ती जागा विसरला नव्हता. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच क्षणी मनात यायचं, मलाही तो आवाज ऐकायचा आहे. त्यांच्याइतकाच. मला मायचे ते दोन ठोके हवे होते. पन्नाशीच्या बाईने हे कोणाला सांगायचं?

शेवटी भावाला फोन केला आणि म्हटलं, दगडच घेऊन ये. तो एका शब्दाने ‘का’ म्हणाला नाही. चार जणांना धरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोती अंथरून त्याने दगड चढवला. निघण्याआधी विचारलं, “ताई, खालचे दोन दगडं बी आणू का?” आणि मी, भूगोलाची शिक्षिका, त्याला म्हणाले, “ते कायले आणतं? हिंगणघाटात दगडाले का तोटा हाय?”

माझीच हौस. दगड येणार म्हणून मी गवंडी बोलावून पेरूखाली गुडघाभर उंच ओटा बांधून घेतला. कडेला पांढऱ्या टाइल्स लावल्या. मायची आठवण आहे, जमिनीवर कशी ठेवायची? दगड हलू नये म्हणून ओट्यात सिमेंट ओतून निम्मा आत बसवला. हलायला नको, हलायला नको, असं मी गवंड्याला दहादा बजावलं. सात दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारलं. त्या सात दिवसांत मला रोज शाळेतून घरी यायची घाई व्हायची. मी मनाशी ठरवलं होतं, आपली सवय मोडायची, उतावळेपणा करायचा नाही, मायसारखे दोनच मारायचे.

रविवारी भाऊ आला. बाबांना बाजेवरून उठवून दाराशी खुर्चीत बसवलं. भाकर, बेसन, सगळं तयार होतं. मी टेबलावरून गोटा आणला आणि मारला.

ठक्.

परत मारला. बाजूला मारला, टोकाला मारला. ठक्, ठक्. भिंतीवर खिळा ठोकावा तसा. भाऊ माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. बाबा काठी टेकत उठले, ओट्याजवळ आले, टाइल्सवरून हात फिरवला, सिमेंटवरून फिरवला. त्या दिवशी त्यांची नजर बऱ्याच महिन्यांनी स्वच्छ होती. म्हणाले, “काऊन वं, देव केला का याचा?”

मी गोटा ओट्यावर ठेवला.

“आमी टोपल्यात भरून सोडून आलो,” ते म्हणाले, “अन् तू बसवून राह्यली.”

मग ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी चार घाससुद्धा नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. ज्या एका गोष्टीपासून त्या माणसाने जन्मभर दगडाला जपलं, तीच मी केली होती, तीही मायच्या नावाने. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते वेगळं काय असतं?

आमच्याकडे आठवडी बाजाराच्या कडेला एक म्हातारा पाटे-वरवंटे घेऊन बसतो. पूर्वी गल्लीगल्लीतून हाक देत जायचा आणि गुळगुळीत झालेल्या पाट्याला छिन्नीने टाकी लावून द्यायचा. आता मिक्सर आले, हाक बंद झाली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडे गेले. त्याला रिक्षात घालून घरी आणलं. त्याने ओट्याभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने दगडावर टिचकी मारली आणि मोकळेपणी हसला.

“बाई, तुमी मास्तरीण ना?”

“हो.”

“तुमाले कोनी गळ्यापासून पायापस्तोर असं आवळून धरलं, तं तुमचा आवाज निघन का?”

मी म्हटलं, नाही.

“मंग याचा कसा निघन? दगडाचं पोट मोकळं पाहिजे. दोन जागी टेकवा, बाकी सोडून द्या.”

वीस वर्षं मी मुलांना दगड शिकवत होते. पोटाखालच्या फटीत चपला ठेवत होते मी, आणि ती फट कशासाठी आहे हे मला कधी सुचलं नव्हतं.

सिमेंट फोडायला दोन दिवस लागले. म्हातारा कोणाला घण लावू देईना. आत चीर गेली की हा जन्माचा मुका, म्हणाला. लहान छिन्नी, लहान हातोडी, चार घाव घातले की दगडाला कान लावायचा, मग पुढचे चार. दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोपऱ्याचा बोटाएवढा टवका उडाला. म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली, पाणी मागितलं, प्यायला, आणि बराच वेळ कान लावून बसला. “गेली नाई आत,” म्हणाला, “वरचीच गेली.” मला त्याचे पाय धरावेसे वाटले, पण बाबा बघत होते.

तिकडे भाऊ खालचे दोन दगड शोधत होता. ते त्याने धुऱ्यावरच्या ढिगात भिरकावून दिले होते, कारण ताईनेच सांगितलं होतं ना, दगडाला का तोटा हाय म्हणून. ढिगात शंभर-दोनशे दगड. त्याने एक ओळखला, त्याच्या माथ्यावर इतक्या वर्षांच्या भाराने घासून चकाकी आली होती त्यावरून. दुसरा काही खात्रीने सापडेना. जो बरा वाटला तो घेऊन आला. एक खात्रीचा आणि एक अंदाजाचा.

म्हाताऱ्याने दगड पोत्यावर घेतला आणि लांबीभर पेराने टिचक्या मारत गेला. “जिथं वाजत नाई तिथं पाय द्याचे,” म्हणाला. कोळशाने दोन खुणा केल्या, टोकांपासून थोड्या आत. मग दगड उलटला, तर पोटाकडे बरोबर त्याच दोन जागी घासून गुळगुळीत झालेले डाग होते. म्हाताऱ्याने त्या डागांवरून अंगठा फिरवला. “ज्यानं कोनं ठेवला होता, त्याले समजत होतं,” एवढंच म्हणाला. मला ते नागपूरचे साहेब आठवले, आणि मायचा प्रश्न आठवला. या वेळी हसू आलं नाही.

ओटा पूर्ण काढला. टाइल्स नगरपालिकेच्या गाडीत गेल्या. पेरूखाली साध्या मातीवर दोन दगड आणि त्यांवर तो. मी हलवून पाहिला, किंचित हलत होता. हलू दिला.

दुपारचे साडेबारा. बाबा आत बाजेवर. मी गोटा घेतला आणि ठरवल्याप्रमाणे दोन मारले. मधे एका श्वासाएवढी जागा सोडून.

आवाज आला. तोच, नाही म्हणायला टवक्यामुळे म्हणा की परक्या पायामुळे म्हणा, जरासा बसका. पण तोच. पेरूच्या झाडातून गेला, भिंतीवरून पलीकडे गेला. मी डोळे मिटून उभी राहिले. बोरीखाली कोणी तरी पदराने तोंड पुसत बसलं आहे असं इतकं वाटलं, की डोळे उघडवेनात.

आत बाज करकरली. पण बाबा आले नाहीत. मी वाट पाहिली. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. मग ते दारात दिसले. तोंड धुतलेलं, ओल्या हाताने केस बसवलेले. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून तोंड धुतलं नव्हतं. सावकाश दगडाजवळ आले. मी ताट पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, पेरूच्या बुंध्याकडे, भिंतीकडे, परत माझ्याकडे.

“थे कुठं गेली?” म्हणाले.

“कोण, बाबा?”

“आताच तं तिनं दगड वाजवला.”

मी म्हटलं, मीच वाजवला. त्यांनी ओळखू न आल्यासारखं माझ्या हातातल्या गोट्याकडे पाहिलं. मग अंगणभर फिरले. न्हाणीघरात डोकावले, फाटकापर्यंत गेले, रस्त्याकडे बघत उभे राहिले. बसवलेले केस वाळून पुन्हा विस्कटले. जेवले नाहीत. त्यांना फसवायचा माझा हेतू नव्हता, पण तिची हाक मी मारली होती आणि ती तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. शाळेला सुट्टी टाकली. बाराच्या सुमाराला मलाच कडकडून भूक लागली, काल रात्रीपासून मीही धड जेवले नव्हते. भाकर थापली. गोटा घेऊन अंगणात गेले, आणि रागाने म्हणा, भुकेने म्हणा, मारत सुटले. पाच, सहा, सात. शेजारच्या गच्चीवरून बाई डोकावून बघायला लागल्या. मी थांबले नाही. हात दुखायला लागला तेव्हा थांबले.

बाबा दारात उभे होते. तोंड न धुता, केस तसेच. आणि हसत होते.

“पोट्टी आली वाटते,” म्हणाले. “साऱ्या शिवाराले जेवाले बलावते.”

दगडाजवळ येऊन मांडी घालून बसले. मी ताट ठेवलं. त्यांनी भाकर हातात घेतली आणि विचारलं, “तुही माय काऊन नाई आली?”

“येऊन राह्यली,” मी म्हटलं. “मांगून.”

त्यांनी मान हलवली. भाकर मधून मोडली, खांद्यावरच्या दुपट्ट्यात अर्धी गुंडाळून दगडावर ठेवली, आणि उरलेली अर्धी बेसनाबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग म्हणाले, “आजून एक हाय का वं?”

आता रोज असंच चालतं. सुट्टीच्या दिवशी मी वाजवते, शाळा असली की आमचे हे वाजवतात, त्यांना बजावून ठेवलं आहे, काही झालं तरी दोन मारायचे नाहीत, भरपूर मारा. बाबांचं अंग थोडं भरलं आहे. रोज ते तोच प्रश्न विचारतात, रोज आम्ही तेच उत्तर देतो, आणि ते निश्चिंत होऊन जेवतात. येणाऱ्या माणसाची वाट बघत जेवता येतं. न आलेल्याला शोधत जेवता येत नाही.

संध्याकाळी ते झोपले की मी अंगणात जाते. दुपट्टा उलगडते. दगड अजून ऊन असतो, भाकरही. ती अर्धी भाकर मी तिथेच बसून खाते, आणि खाताना रस्त्यावर कोणाचं फाटक वाजलं की मीही मान वर करून बघते.